संगमावरचे महाराज

नमस्कार श्रोतेहो.

इटलीतल्या फ्लॉरेन्सला जाऊन आलेल्या माणसाला आमच्या बडोद्यात पहिला प्रश्न येतो, "मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा पाहिला का?" पाहिला. मान अवघडेपर्यंत पाहिला. सतरा फूट उंच आहे तो. तिथल्या कॅथेड्रलचा प्रसिद्ध घुमटही पाहिला, पण खालूनच. वर जायला 463 पायऱ्या, आणि आम्हा दोघींचे मिळून चार गुडघे, चारही कुरकुरणारे. ते सगळं तुम्हाला चित्रांत दिसेल. मी आज सांगणार आहे ती आमच्या तिसऱ्या दिवसाची हकीकत.

माझी मैत्रीण मूळची कोल्हापूरची. लग्न होऊन बडोद्याला आली त्याला तीस वर्षं झाली. दांडिया बाजारात राहते, भाजीवाल्याशी फर्ड्या गुजरातीत घासाघीस करते, पण कोल्हापूरच्या बायकांचं ते "मी जातो, मी येतो" काही सुटलेलं नाही. तर ही बाई तिसऱ्या दिवशी सकाळी खाकऱ्याचा डबा उघडत म्हणाली, "आमच्या महाराजांना बघितल्याशिवाय मी इथनं हलत नाही."

महाराज म्हणजे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम. 1870 साली ते विलायतेला गेले, राणी व्हिक्टोरियाला भेटले. रोज डायरी लिहायचे, तीही इंग्रजीत. पुढे ती छापली गेली. परतीच्या वाटेवर आजारी पडले आणि 30 नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्येच वारले. वय वर्षं वीस. आमच्या घरात वीस वर्षांच्या मुलाला अहमदाबादला एकट्यानं पाठवायचं म्हटलं तरी तीन फोन होतात.

आम्ही स्टेशनजवळून ट्राम धरली आणि काशिने बागेपाशी उतरलो. बाग कसली, नदीकाठानं साडेतीन किलोमीटर पसरलेलं रानच ते. एके काळी फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याचा गुराढोरांचा मळा होता. वार मंगळवार. मंगळवारी तिथे बाजार भरतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी बुधवारी गेले असते! स्वेटर, चामड्याच्या पर्सा, भांडी, चीजचे हे एवढाले गोळे. एक तास तिथेच गेला. मैत्रिणीनं एक पातेलं उलटंपालटं केलं, बुडावर टिचकी मारून पाहिली आणि "मंगळबाजारात याहून बरी मिळतात" म्हणून परत ठेवलं.

मग चालणं. झाडं, सायकली, पळणारी माणसं, आणि डाव्या हाताला अर्नो नदी. बागेच्या पार शेवटच्या टोकाला मुन्योने नावाचा ओढा अर्नोला मिळतो. ओढाच म्हणायचा, आपल्या बडोद्याच्या विश्वामित्री नदीची धाकटी बहीण, फक्त मगरी नाहीत. पण दोन पाणी मिळतात म्हणजे संगम. महाराजांबरोबरच्या माणसांनी परक्या मुलखात ऐन हिवाळ्यात हाच संगम शोधून काढला. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होतं, आणि दहनाची तिथे रीतच नव्हती. परवानगी काढून या जागी चिता रचली. आपण चांदोदच्या संगमावर जातो, कोल्हापूरकर प्रयाग चिखलीच्या संगमावर जातात, आणि त्या मंडळींच्या वाट्याला मुन्योने आली.

तिथे आता छत्री आहे. म्हणजे अगदी आपली छत्री, खांब, कमानी आणि वर घुमट. आत महाराजांचा रंगीत अर्धपुतळा, फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकारानं घडवलेला. भोवती लोखंडी कठडा. ही छत्री उभी राहिली 1874 मध्ये. मी कठड्याला धरून वर पाहत राहिले. कुठेतरी पाहिल्यासारखं वाटत होतं.

वाटणारच. छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँटचा. आपल्या बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्याचा वास्तुकार तोच! मी हे मोठ्या फुशारकीनं सांगितलं, तर मैत्रीण शांतपणे म्हणाली, "आमचा नवा राजवाडापण त्यानंच बांधलाय." खरं आहे ते. मग मँट कुणाचा, यावर संगमावर पाच मिनिटं भांडण. तो बिचारा 1881 मध्ये गेला. लक्ष्मी विलास पुढे चिझम नावाच्या दुसऱ्या वास्तुकारानं 1890 मध्ये पुरा केला. आपली आकडेमोड चुकली, इमारती कोसळणार, अशी धास्ती मँटनं घेतली होती, असं आपल्याकडे सांगतात. खरंखोटं देव जाणे. राजवाडा मात्र ठणठणीत उभा आहे, आणि त्याच्या दरबार हॉलची जमीन व्हेनिसच्या मोझाइकची आहे. म्हणजे मँटची छत्री इटलीत, आणि इटलीची फरशी मँटच्या राजवाड्यात.

भांडण मी जिंकले नाही, पण एक मुद्दा राखून ठेवला होता. राजर्षी शाहू महाराजांच्या राणीसाहेब लक्ष्मीबाई या बडोद्याच्या खानविलकरांच्या. म्हटलं, आमची लेक दिलीय तुम्हाला, जरा मानानं बोल. ती हसली. तीस वर्षांपूर्वी उलट्या दिशेनं आलेली लेक ती स्वतःच.

तेवढ्यात कुत्रा फिरवणारे एक आजोबा थांबले. पुतळ्याकडे बोट दाखवून, मग आमच्याकडे दाखवून म्हणाले, "इंदियानो?" इंदियानो म्हणजे भारतीय. तिथे त्या जागेला इंदियानोच म्हणतात. 1978 मध्ये जवळच तारांनी पेललेला मोठा पूल झाला, त्यालाही इंदियानोचंच नाव. त्यावरून रोज गाड्या धावतात, आणि हा इंदियानो म्हणजे कोल्हापूरचा वीस वर्षांचा मुलगा हे कितीजणांना ठाऊक असेल? मैत्रिणीनं आजोबांना मराठीतच सांगितलं, "आमचे महाराज." आजोबांनी टोपी काढली. त्यांना काय कळलं असेल ते असो.

ते गेल्यावर तिनं बूट काढले, मोजे काढले. गवत ओलं होतं, ऑक्टोबरची थंडी होती. मी म्हटलं, अगं सर्दी होईल. तिचं लक्ष नव्हतं. कठड्याबाहेरून हात जोडून ती बराच वेळ उभी राहिली. मग वाकून जमिनीला हात लावला आणि म्हणाली, "येतो, महाराज."

ट्रामपर्यंत दोन किलोमीटर चालायचं होतं. मोजे मात्र तिनं ट्राममध्ये बसल्यावर घातले.