कोळसागाडी, वाफ आणि डोंगर

नागपूरकरांना कोळशाच्या गाडीचे अप्रूप नाही. वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालय याच शहरात आहे, आणि वीजकेंद्रांकडे निघालेल्या वाघिणी फाटकावर उभे राहून मोजण्याचा उद्योग इथल्या बहुतेकांनी लहानपणी केलेला असतो. घाट मात्र शहराच्या वाट्याला आलेला नाही. इटारसीच्या वाटेवर पांढुर्णा मागे पडल्यावर कुठे सातपुड्याची खरी चढण लागते. वाफेचे इंजिन पाहायचे तर मोतीबागेतील नॅरोगेज संग्रहालयात जावे लागते, पण ते इंजिन चालवण्याची सोय तिथे अर्थातच नाही. म्हणून ज्याला वाफेवर कोळसा डोंगरापार न्यायचा आहे, असा इथला हौशी माणूस संगणकावरील सिम्युलेटरकडे वळतो.

पडद्यावर दिसतो आहे तो अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील ब्लू रिज डोंगर. नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वे खाणींतील कोळसा याच चढणीवरून नॉरफोक बंदराकडे नेत असे, आणि इतरांनी डिझेल स्वीकारल्यावरही तिने वाफेची इंजिने १९६० पर्यंत राखली. तिच्या रोअनोक येथील कारखान्यात बांधलेल्या ‘वाय ६ बी’ इंजिनाला १६ चालक चाके होती. नागपूरचे नाव लावणाऱ्या बंगाल नागपूर रेल्वेच्या ‘एन’ वर्गातील गॅरट इंजिनांनाही तितकीच होती. त्यांतील एक आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभे आहे.

ब्लू रिजची चढण १.२ टक्के, म्हणजे ८३ मीटर अंतरात एक मीटर उंची. भोर घाटातील ३७ मीटरला एक मीटर या चढणीपुढे ती किरकोळ वाटेल, पण गाडीचे वजन मांडले की चित्र पालटते. सपाटीवर एक टन वाघीण हलती ठेवायला साधारण दोन किलो ओढ पुरते. या चढणीवर त्यात १२ किलोंची भर पडते. चार हजार टनांच्या गाडीला म्हणूनच सुमारे ५६ टन ओढ लागते, आणि वाय ६ बी कंपाउंड पद्धतीने, म्हणजे तीच वाफ दोनदा वापरून, चालताना जेमतेम ५७ टन देते. गाडी याहून जड झाली की मागून ढकलणारे इंजिन, म्हणजे आपल्याकडचा बँकर, जोडण्यावाचून गत्यंतर नसते.

मात्र खेळाडूची खरी परीक्षा ओढीत नसून बॉयलरमध्ये असते. ‘ओपन रेल्स’ या मोफत सिम्युलेटरमध्ये फायरमनचे काम संगणकावर सोपवता येते, पण ते सोपवल्यास खेळातील निम्मा रस जातो, असे आमचे मत आहे. बॉयलरमध्ये पाणी भरणारा इंजेक्टर उघडला की तुलनेने थंड पाणी आत येते आणि दाब उतरतो; म्हणून चढण सुरू होण्यापूर्वीच पाणी भरून घ्यावे लागते आणि आग आधीच चढती ठेवावी लागते, कारण टाकलेला कोळसा लगेच वाफ देत नाही. पाणी फार वर नेले, तर ते वाफेबरोबर सिलिंडरमध्ये शिरण्याचा धोका असतो. वेग ताशी १५ किलोमीटरपर्यंत उतरला असताना सिलिंडरकडे वाफ सोडणारा रेग्युलेटर हावरेपणाने उघडला, तर चाके जागच्या जागी फिरतात, आणि मग वाळू सोडून, रेग्युलेटर मिटून पकड परत मिळवेपर्यंत गाडी थांबलेलीही असू शकते.

सर्वांत फसवी जागा म्हणजे माथा. धुराडे पुढे ठेवून चढणाऱ्या इंजिनात पाणी मागे, फायरबॉक्सवर म्हणजे आगीच्या पेटीवर सरकते आणि पाणी दाखवणाऱ्या काचेतील पातळी आहे त्यापेक्षा अधिक दिसते. इंजिनाचे नाक उताराकडे झुकताच तेच पाणी पुढे धावते, काच झपाट्याने रिकामी होते आणि फायरबॉक्सचे छत उघडे पडण्याची वेळ येते. तसे झाल्यास छतातील शिशाची सुरक्षा-गुडदी, म्हणजे बूच, वितळते व सिम्युलेटरमध्येही इंजिन निकामी ठरते. म्हणून जाणकार खेळाडू माथा दिसण्याच्या बराच आधी इंजेक्टर सुरू करतो, त्यापायी थोडा दाब गमावतो, आणि उतारावर रेग्युलेटर मिटल्यानंतर तो दाब भरून काढतो.

उतरणीला सगळा भार ब्रेकवर येतो. एअर ब्रेक वारंवार लावून सोडल्यास टाक्यांतील हवा भरून येण्याआधीच संपू लागते, म्हणून माथ्यावर गाडी थांबवून वाघिणींचे रिटेनर, म्हणजे ब्रेकमधील हवा अडवणाऱ्या झडपा, लावले जातात. ब्रेक सोडला तरी सिलिंडरमध्ये थोडी हवा अडून राहते आणि तेवढ्या वेळात टाक्या पुन्हा भरतात.