मागचं दिसत नाही, तिथंच खरा गेम

रंकाळ्याच्या कट्ट्यावर संध्याकाळी पोरं मोबाईल आडवा धरून बसलेली असतात आणि भांडण ठरलेलं, टीपीपी (थर्ड पर्सन) लावायचं का एफपीपी (फर्स्ट पर्सन). टीपीपीत कॅमेरा आपल्या गड्याच्या पाठीमागं, त्यामुळं भिंतीआड बसूनसुद्धा कोपऱ्यापलीकडचा माणूस फुकटात दिसतो. एफपीपीत कॅमेरा थेट डोळ्यात. बघायचंय? मग डोकं बाहेर काढायलाच लागतंय, आणि काढलं की खाल्ली गोळी. पबजीनं २०१७ ला वेगळे एफपीपी सर्व्हर दिले ते ह्या फुकट बघण्याला वैतागलेल्यांसाठीच.

लोकांना वाटतंय फर्स्ट पर्सन म्हणजे जास्त दिसतं. उलटं हाय भावा. पाठ गेली, पाय गेले, बाजूचं गेलं, आणि जे जे गेलं त्यातनंच गेमचा एकेक नवा प्रकार निघाला.

सुरुवात लई जुनी. १९७३-७४ च्या आसपास कॅलिफोर्नियात, नासाच्या एम्स रिसर्च सेंटरमधल्या शिकाऊ पोरांनी 'मेझ वॉर' बनवला. रेघांचे बोळ, आणि समोरचा खेळाडू म्हणजे नुसता एक मोठा डोळा!

मग १९९२ चा 'वुल्फेन्स्टाईन थ्रीडी'. तेव्हाच्या साध्या पीसीत दम कुठला, म्हणून गेमचा प्रोग्रामर जॉन कार्मॅकनं शक्कल लढवली. स्क्रीनच्या प्रत्येक उभ्या पट्टीसाठी एक किरण सोडायचा, भिंत किती लांब लागली बघायचं, जवळ असली तर पट्टी उंच, लांब असली तर बुटकी, बास. त्यामुळं सगळ्या भिंती एकाच उंचीच्या आणि जिना म्हणून नाहीच, पण पळायचं मात्र सुसाट. पुढच्याच वर्षी, १० डिसेंबर १९९३ ला 'डूम' आला, त्यात जिने आले, अंधार आला, आणि मागनं गुरगुरण्याचा आवाज आला की हात आपोआप वळायचा.

हा आवाज महत्त्वाचा. १९९८ च्या 'थीफ'मध्ये मारामारी टाळायची असते, फरशीवर पाय वाजतो, गालिच्यावर वाजत नाही, आणि पहारेकरी दिसायच्या आधी ऐकू येतो. चोरून खेळायच्या गेमना इथं वेगळंच वळण लागलं. आपल्याकडं हे कळलं ते 'काउंटर स्ट्राईक'मुळं. राजारामपुरीतल्या कॅफेत लॅनवर (कॉम्प्युटर एकमेकांना जोडून) खेळताना पळालं की पावलं ऐकू जायची, म्हणून शिफ्ट दाबून हळू चालायचं, आणि नेमका आपल्या वाट्याला एकाच कानानं चालणारा हेडफोन, मग डावीकडनं आला का उजवीकडनं ते देवालाच माहीत, वर मागच्या खुर्चीवरचा आपल्याच स्क्रीनमध्ये बघून सांगणार कुठं लपलाय ते.

हा 'काउंटर स्ट्राईक' मुळात 'हाफ लाईफ'चा मॉड, म्हणजे त्याच गेममध्ये चाहत्यांनी फेरफार करून बनवलेला. १९९८ च्या 'हाफ लाईफ'नं अजून एक भारी काम केलं, गोष्ट सांगायला कॅमेरा कधी बाहेर काढलाच नाही. शास्त्रज्ञ समोर उभा राहून बोलतोय आणि तुम्ही खुशाल त्याच्या भोवती उड्या मारताय, ऐकायचं तर ऐका. माझ्या मते गोळीबारापेक्षा मोठी क्रांती ही. पुढं नुसतं रिकाम्या घरात फिरून गोष्ट शोधायचे गेम निघाले, बंदूक नाहीच, त्याचं मूळ इथंच कुठंतरी सापडतं.

पाय न दिसण्याचा त्रास मात्र राहिला. उडी मारायची आणि कडा कुठं संपली तेच कळत नाही. २००८ च्या 'मिरर्स एज'नं हातपाय दाखवले, आणि डोकं गरगरू नये म्हणून स्क्रीनच्या मध्यभागी एक बारका ठिपका ठेवला.

आणि भीती? 'रेझिडेंट ईव्हिल'चे मुख्य गेम वीस वर्षं बाहेरनं कॅमेरा ठेवून घाबरवत होते, सातवा भाग २०१७ ला डोळ्यात शिरला. लोक एवढे टरकले की विचारू नका. आठव्या भागाला २०२२ मध्ये थर्ड पर्सनचा पर्याय दिला, कॅमेरा पाठीमागं, जरा जीवात जीव. पण त्यातसुद्धा कॅमेरा फिरवून हिरोचं थोबाड बघायला गेलात की गडी तोंड फिरवतो.