डोंगर समोरचा, शाई काळी

(दृश्य: दगडी दौतीत शाईची वडी फिरते आहे)

सहाणेवर चंदन उगाळावं तशी ही शाई उगाळतात. पाइनच्या लाकडाची काजळी सरसात मळून केलेली वडी आणि चार थेंब पाणी. हात घाईचा झाला की शाई भरड उतरते. शेजारी पसरलाय हान्जी, तुतीच्या कुळातल्या झाडाच्या सालीपासून केलेला कोरियन कागद. कुंचला टेकायचा अवकाश, कागद शाई पिऊन टाकतो. इथे खोडाखोडीची सोय नाही.

(दृश्य: पावसानंतरचा इन्वांग डोंगर, सोल)

हा इन्वांग. उंची अवघी ३३८ मीटर, पण ग्रॅनाइटचे उघडे कातळ थेट शहराच्या डोक्यावर. चित्रकार जोंग सोन, टोपणनाव ग्योमजे, याच परिसरातले. जन्म १६७६, कोरियातल्या जोसन राजवटीतला. त्या काळी निसर्गचित्र म्हटलं की चिनी चित्रांबरहुकूम डोंगर काढायचे, मग ते डोंगर काढणाऱ्याने कधी पाहिलेले नसले तरी चालायचं. जोंग सोन १७११ मध्ये गुमगांग पर्वत फिरून आले आणि पाहिलं ते त्यांनी रंगवलं. आपल्याच मुलुखातले डोंगर, नावानिशी ओळखू येतील असे.

(दृश्य: चित्राचा तपशील, कातळ आणि धुकं)

इन्वांगचं हे चित्र जोंग सोन यांनी काढलं १७५१ मध्ये, पंचाहत्तरीत. प्रत्यक्षातले कातळ पांढुरके आहेत, इथे मात्र काळेकुट्ट. ओला, रुंद कुंचला वरून खाली ओढलाय, शाईच्या एका थरावर दुसरा थर. पावसात भिजलेल्या दगडाचं वजन असं आलंय. आणि धुकं? त्याला शाई लागलेलीच नाही, तो कोरा कागद आहे. सॅमसंगचे दिवंगत अध्यक्ष ली कुन-ही यांच्या कुटुंबीयांनी २०२१ मध्ये हे चित्र देशाला दिलं.

(दृश्य: सुसोंग-दोंगचा ओढा, दगडी पूल)

इन्वांगच्या पायथ्याचा हा ओढाही त्यांनी रंगवला होता. दोन्ही बाजूंना खडक, वर लांब दगडांचा छोटा पूल, पुलावरून निघालेले विद्वान. १९७१ मध्ये इथे इमारती उभ्या राहिल्या. पुढे त्या पाडून ओढा पूर्ववत करायचं ठरलं, तेव्हा ओढा मुळात कसा होता याचा पुरावा म्हणून हेच चित्र कामी आलं. पूल तर जागेवरच सापडला. रहिवासी दुसरीकडे गेले, २०१२ मध्ये जागा सर्वांसाठी खुली झाली.

(दृश्य: काठावरचा फलक)

काठावरच्या फलकावर आता ते चित्र छापलंय. पूल, खडक, मागचा डोंगर, एकेक जुळवून बघता येतं. पाण्याचं तेवढं जमलेलं नाही. एरवी ओढा कोरडाच असतो, चित्रातलं पाणी बघायचं तर जोराचा पाऊस ओसरल्या ओसरल्या यावं लागतं.