कोंढाणे: पाण्यामागचं लेणं

(दृश्य: रानवाट, पाऊस)
कर्जतजवळचं कोंदिवडे सोडलं की वाट रानात शिरते. हीच पुढे राजमाचीला चढते, पण आपल्याला तेवढं वर जायचं नाही. चिखल, ओहोळ, थोडा दम. धबधबा आधी कानावर येतो, मग समोर.

(दृश्य: पाण्याआडची वाट)
कड्यावरून सुटलेली धार कातळाला न चिकटता खाली झेपावते आणि मध्ये चालण्याइतकी जागा ठेवते. इथे सगळे मोबाइल पाण्याकडे वळतात. आपण जरा पाठ फिरवू.

(दृश्य: चैत्याची कमान, विहाराचं छत)
सुमारे २,००० वर्षांपूर्वीचं हे बौद्ध चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह. लेणं खोदायला सुरुवात करायची ती छतापासून. छत पुरं करत खाली उतरायचं, म्हणजे परांची लागत नाही. मात्र चुकून उडालेली कपची परत बसवता येत नाही. आणि शेजारच्या विहाराचं, म्हणजे भिक्षूंच्या निवासाचं, छत बघा. तुळया आहेत, वाशांच्या रांगा आहेत, सगळ्या दगडातच. अख्ख्या डोंगराला तुळयांचा आधार कशाला हवा? पण घर म्हटलं की लाकडाचंच, ही त्या काळची नजर.

(दृश्य: दर्शनी भागावरची नाचणारी जोडपी, कॅमेरा डावीकडे)
आणि हा यक्ष. चेहरा भंगलेला, खांद्याशी ब्राह्मी अक्षरं: ‘कण्हस अंतेवासिना बलकेन कतं’. कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं. आपल्या लेण्यांमध्ये दान देणाऱ्यांची नावं पुष्कळ मिळतात. व्यापारी, भिक्षू, सोनारसुद्धा. घडवणाऱ्याचं नाव असं क्वचितच. आम्ही तर मुद्दाम इथेच जास्त वेळ थांबलो.

(दृश्य: खांब, कचरा)
चैत्यातल्या बहुतेक खांबांचा खालचा भाग गेलाय, वरचे तुकडे छताला लोंबकळताहेत. ओलीने स्तूपही झिजलाय. चिप्सची पाकिटं मात्र यंदाची.

(दृश्य: परतीची वाट)
जायचं तर सकाळी लवकर निघा. पावसाचा जोर असला की ओढे बघता बघता फुगतात, आणि प्रशासनाची बंदी असेल तर बेत पुढे ढकला. दिवाळीनंतर धार आटते, गर्दीही पांगते. बलकाची अक्षरं तेव्हा कोरड्या पायांनी, निवांत बघता येतात.