फाटकाबाहेरची विजेती : अल्थिया गिब्सन

अमेरिकेच्या राष्ट्रीय टेनिस संघटनेच्या नियमांत वंशावरून भेद करण्यास कागदोपत्री मनाईच होती. तरीही १९५० सालापर्यंत त्या देशाच्या राष्ट्रीय स्पर्धेत एकही कृष्णवर्णीय खेळाडू उतरू शकला नाही, याचे कारण फाटकाशी होते. या स्पर्धेत प्रवेश हवा असेल तर आधी मान्यताप्राप्त स्पर्धांत खेळून गुण मिळवावे लागत. त्या स्पर्धा खासगी क्लबांच्या हिरवळीवर भरत, आणि त्यांतल्या बहुतेक क्लबांत गोऱ्यांखेरीज कोणालाही प्रवेश नव्हता. पात्रता सिद्ध करण्याची अट घालायची आणि ती सिद्ध करण्याची जागा तेवढी बंद ठेवायची, अशी ही व्यवस्था होती.

हे फाटक ओलांडणाऱ्या अल्थिया गिब्सन यांची गोष्ट सुरू होते ती न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या १४३ व्या क्रमांकाच्या रस्त्यावर. कापसाच्या शेतात वाट्याने राबणारे गिब्सन कुटुंब दक्षिण कॅरोलायना सोडून हार्लेममध्ये आले, तेव्हा २५ ऑगस्ट १९२७ रोजी जन्मलेली अल्थिया जेमतेम तीन वर्षांची होती. मुलांना खेळता यावे म्हणून हा रस्ता दिवसा वाहनांना बंद ठेवत, आणि तिथे लाकडी फळीने खेळले जाणारे पॅडल टेनिस ती शिकली. बाराव्या वर्षी ती या खेळात शहराची विजेती झाली. शाळा बुडवून चित्रपट पाहणाऱ्या या उनाड मुलीचा हात बडी वॉकर नावाच्या वादकाने हेरला आणि स्वतःच्या पैशाने तिला जुनी रॅकेट घेऊन दिली. पुढे हार्लेमच्या कॉस्मोपॉलिटन क्लबात फ्रेड जॉन्सन यांनी तिला शिकवले. त्यांना एकच हात होता.

कृष्णवर्णीयांनी १९१६ साली स्वतःची टेनिस संघटना उभारली होती. तिच्या १९४६ च्या स्पर्धेत अल्थिया अंतिम सामना हरली. परंतु प्रेक्षकांत बसलेल्या ह्यूबर्ट ईटन आणि रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन या दोन डॉक्टरांना त्या पराभवातही पुष्कळ काही दिसले. ईटन यांच्या घरी स्वतःचे टेनिस कोर्ट होते. त्यांनी तिला विल्मिंग्टनला आपल्या घरी ठेवून घेतले, शाळेत घातले, आणि उन्हाळ्यात जॉन्सन यांनी तिला लिंचबर्गला नेऊन स्पर्धांसाठी तयार केले. पुढच्या वर्षापासून सलग दहा वर्षे त्या संघटनेचे विजेतेपद तिच्याकडेच राहिले.

फाटक उघडले ते आतल्या माणसाने. चार वेळा राष्ट्रीय विजेत्या ठरलेल्या ॲलिस मार्बल यांनी जुलै १९५० मध्ये टेनिसच्या एका नियतकालिकात खरमरीत लेख लिहिला आणि आपल्याच खेळातल्या सभ्य स्त्री-पुरुषांना ढोंग सोडण्यास बजावले. पुढच्याच महिन्यात फॉरेस्ट हिल्सला भरणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धेत गिब्सन यांना प्रवेश मिळाला. दुसऱ्या फेरीत विम्बल्डनविजेत्या लुईझ ब्रफ यांच्याविरुद्ध १-६, ६-३, ७-६ अशी आघाडी त्यांनी घेतली असताना वादळ आले, विजेच्या तडाख्याने स्टेडियमवरचा दगडी गरुड खाली कोसळला आणि खेळ थांबला. त्या काळी टायब्रेक नव्हता, दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत सेट चालत असे. दुसऱ्या दिवशी थोड्याच वेळात ब्रफ यांनी तो सेट ९-७ असा आणि त्याबरोबर सामनाही जिंकला.

त्यानंतरची काही वर्षे निराशेची गेली. टेनिस सोडून सैन्यात भरती होण्यापर्यंत त्यांचा विचार पोहोचला होता. १९५५ च्या अखेरीस मात्र अमेरिकी सरकारने सदिच्छा दौऱ्यावर पाठवलेल्या खेळाडूंत त्यांची निवड झाली आणि भारत, पाकिस्तान, ब्रह्मदेश, सिलोन येथे त्या खेळल्या. याच वर्षी मिसिसिपीत चौदा वर्षांच्या एमेट टिलची वंशद्वेषातून हत्या झाली होती, हे लक्षात घेतले की सरकारला त्याच वेळी एका कृष्णवर्णीय खेळाडूची आठवण का झाली, हे वेगळे सांगावे लागत नाही. हेतू काहीही असो, गिब्सन यांना खेळ मिळाला, आत्मविश्वास मिळाला आणि अँजेला बक्स्टन ही इंग्लिश जोडीदार मिळाली. ज्यू असल्यामुळे बक्स्टन यांनाही अनेक क्लबांची दारे बंदच होती. १९५६ मध्ये गिब्सन यांनी फ्रेंच एकेरी जिंकली, आणि दोघींनी मिळून फ्रेंच व विम्बल्डन दुहेरी.

६ जुलै १९५७. विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर डार्लीन हार्ड यांना ६-३, ६-२ असे हरवल्यावर गिब्सन यांनी राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते विजेतेपदाचे तबक स्वीकारले. न्यूयॉर्कने कागदी पताकांच्या वर्षावात त्यांची मिरवणूक काढली. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही विम्बल्डन आणि अमेरिकी विजेतेपद, दोन्ही त्यांच्याकडे होती. टेनिसच्या चार सर्वोच्च, म्हणजे ग्रँड स्लॅम स्पर्धांतल्या एकेरी-दुहेरी मिळून विजेतेपदांची संख्या अकरावर पोहोचली.

परंतु हे सारे हौशी टेनिस होते. बक्षिसाची रक्कम नव्हती. घरभाडे तबकातून निघत नाही, म्हणून कीर्तीच्या शिखरावर असतानाच त्यांनी हौशी टेनिस सोडले. गाण्याची तबकडी काढली, चित्रपटात काम केले, बास्केटबॉलच्या हार्लेम ग्लोबट्रॉटर्स संघाच्या सामन्यांआधी प्रदर्शनीय टेनिस खेळल्या. १९६४ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, व्यावसायिक गोल्फच्या महिला दौऱ्यात उतरणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडू त्या ठरल्या. तिथेही क्लबच्या इमारतीत प्रवेश नाकारला जाई आणि दोन वेळची विम्बल्डनविजेती गाडीत बसून कपडे बदलत असे.

उतारवयात पक्षाघाताने आणि आर्थिक विवंचनेने त्यांना घेरले. १९९५ च्या सुमारास त्यांनी बक्स्टन यांना फोन केला आणि आपण जीवन संपवण्याच्या विचारात असल्याचे सांगितले. बक्स्टन यांनी आधी स्वतः पैसे पाठवले, मग टेनिसच्या एका नियतकालिकातून आवाहन केले, आणि जगभरातून मदतीची पाकिटे येऊ लागली. गिब्सन त्यानंतर आठ वर्षे जगल्या. २८ सप्टेंबर २००३ रोजी न्यू जर्सीत त्यांचे निधन झाले.

फ्लशिंग मेडोज येथे अमेरिकी खुल्या स्पर्धेचे मुख्य स्टेडियम १९९७ पासून कृष्णवर्णीय टेनिसपटू आर्थर ॲश यांच्या नावाने ओळखले जाते. ॲश हेही लिंचबर्गच्या त्याच डॉक्टर जॉन्सन यांचे शिष्य. गिब्सन यांचा पुतळा त्या आवारात उभा राहायला २०१९ साल उजाडले. अनावरणाच्या वेळी पंच्याऐंशी वर्षांच्या अँजेला बक्स्टन तिथे हजर होत्या.