आवाज कुठे तुटतो
लघु माहितीपट : निवेदन

(दृश्य : हिवाळ्यातली पहाट. फुटलेल्या कापसाचं शेत. बांधापलीकडे गवतात बुडालेले अरुंद रूळ.)

हे रूळ शकुंतलेचे, वऱ्हाडातल्या छोट्या आगगाडीचे. मूर्तिजापूरहून निघायचं, कारंजा, दारव्हा, लाडखेड घेत यवतमाळला पोचायचं. सुमारे ११३ किलोमीटर. दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या वाटेला लावण्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका ब्रिटिश कंपनीनं हा मार्ग बांधला. मँचेस्टरला १९२१ साली तयार झालेलं झेडडी वर्गाचं वाफेचं इंजिन इथं सत्तर वर्षं राबलं. १५ एप्रिल १९९४ ला ते उतरवलं आणि डिझेल जोडलं. पुढे गाडीच थांबली. गावं ट्रॅव्हल्सवर गेली.

(दृश्य : पत्र्याची खोली. भिंतीला जुन्या मोटारींचे स्टेटर. मधोमध लांब टेबल, त्यावर स्टेशन, बाभळी, कापसाच्या गाठी, रूळ. सगळं तळहातावर मावेल एवढं.)

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात मात्र शकुंतला रोज धावते.

काकाजींचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरचे पंप, पिठाची चक्की, कूलर, सगळं त्यांच्या हातून गेलं. दुकान मुलाकडे दिलं आणि मागच्या खोलीत हा मार्ग मांडला. प्रमाण एकास सत्त्याऐंशी. ७६२ ला ८७ नं भागा, पावणेनऊ मिलिमीटर येतात. म्हणून छोट्या गाडीला ९ मिलिमीटरचा रूळ. मूर्तिजापूरला शेजारून मुंबई–हावडा लाइन जाते, तिच्यासाठी १६.५ मिलिमीटरचा. त्या रुळावर जुनं आल्को डिझेल आहे. अमेरिकन बनावटीचं मॉडेल, रंग काकाजींनी दिलाय.

(दृश्य : इंजिनाचं कव्हर निघतं. आत मोटार, दोन पितळी फ्लायव्हील (जड फिरती चाकं), नखाएवढी हिरवी पाटी.)

शकुंतलेचं वाफेचं आणि हे आल्को, दोन्ही इंजिनं मुळात साधी होती. रुळात जितके व्होल्ट सोडाल तितका वेग. गाडी उभी राहिली की वीज शून्य, मग आवाज कुठून यावा? गेल्या वर्षी काकाजींनी दोन्हींत डिकोडर बसवले. आता रुळात सतत १४ व्होल्ट असतात आणि त्याच विजेतून हुकूमही जातात. वीज एका सेकंदात हजारो वेळा उलटसुलट होते. अर्धी लहर ५८ मायक्रोसेकंदांची असली की ‘एक’, १०० किंवा जास्तीची असली की ‘शून्य’. डिकोडर हे आकडे वाचतो, मोटार फिरवतो, दिवा लावतो आणि चिपमध्ये भरलेला आवाज स्पीकरवर सोडतो. उभं इंजिनसुद्धा आता गुरगुरतं.

(दृश्य : आल्को वळणावर येतं. आवाज अचानक बंद. गाडी मुकाट्यानं पुढे जाते.)

अडचण ही. आवाज जातो, पुन्हा येतो. दिवसभर चालेल, आणि पाहुण्यांसमोर नेमका जाईल. आणि बिघाड दोन्ही इंजिनांत.

असं झालं की पुष्कळ लोक आधी डिकोडर बदलतात किंवा त्याची सगळी सेटिंग पुसतात. सेटिंग साठवणाऱ्या क्रमांकाच्या कप्प्यांना सीव्ही म्हणतात; बहुतेक डिकोडरांत सीव्ही आठमध्ये आठ लिहिलं की तो कारखान्यातून आला तसा होतो. मग पत्ता, म्हणजे इंजिनाला हाक मारायचा क्रमांक, पुन्हा तीन, आवाजाची पातळी मूळची, आठवडाभर बसवलेला वेग गेला, आणि बिघाड जागच्या जागी. काकाजी हे सगळ्यात शेवटी ठेवतात. मला वाटतं, या खोलीत शिकण्यासारखं सगळ्यात मोठं काही असेल तर हा क्रम.

(दृश्य : काकाजी कॅमेऱ्याकडे न पाहता बोलतात.)

काकाजी : “गाडी चालते, लाइट लागते, आवाजच जाते. मंग आवाजाच्या वायरीले इचारा. साऱ्या गाडीले काहून खोलता?”

पहिला प्रश्न दिव्याला. आवाज जाताना दिवा लुकलुकला, तर डिकोडरलाच वीज कमी पडतेय. दोष रुळात किंवा चाकात. दिवा स्थिर राहिला आणि आवाज तेवढा गेला, तर दोष डिकोडरच्या पुढे, स्पीकरच्या बाजूला. गाडी धडधाकट चालतेय यावर विसंबायचं नाही. फ्लायव्हील फिरत असतं, क्षणभर वीज गेली तरी ते गाडी ओढून नेतं, आणि खाली वीज तुटल्याचं डोळ्यांना कळतच नाही.

(दृश्य : अंधार केलेली खोली. नववीतली नात टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून बसलीय. आल्कोचा दिवा वळणावर. एकसारखा.)

नात : “आबाजी, दिवा हालला नाही. पण डावीकडे वळली का बंद होते. उजवीकडे नाही होत.”

आमच्या चित्रणात हा क्षण आपोआप सापडला. काकाजींनी वही उघडून ते लिहून घेतलं.

(दृश्य : कव्हर काढलेलं आल्को त्याच वळणावरून पाच फेऱ्या मारतं. आवाज अखंड.)

कव्हर काढलं की इंजिन बरं. कव्हर लावलं की डावीकडे मुकं. डिकोडर तापून बंद पडत असावा ही शंका इथं संपली. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याच्या खोलीत ती शंका काकाजींनी सोडली नसती. पण हा डिसेंबर आहे. म्यूटचं बटणही कोणी दाबलेलं नव्हतं, ते आधीच पाहून झालं होतं.

(दृश्य : मल्टिमीटर. दोन जांभळ्या वायरी. बझरचा आवाज, तुटतो, पुन्हा येतो.)

स्पीकर आठ ओहमचा. एक वायर डिकोडरपासून सोडवून मीटर लावला, तर काटा सातच्या आसपास. तेवढाच हवा, कॉइल शाबूत. दीड व्होल्टची पेन्सिल बॅटरी क्षणभर टेकवली, स्पीकर टक् बोलला. राहिली वायर. बझर लावून ती इंचाइंचानं वाकवली. एका जागी बझर गप्प झाला. वरचं प्लास्टिक अख्खं, आतली तार तुटलेली. टोकाला टोक लागलं की आवाज, सुटलं की शांतता.

कव्हर बसवताना ती वायर पुढच्या बोगीच्या, म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या फिरत्या चौकटीच्या, खांबाशी दाबली जायची. डावीकडे वळताना बोगी फिरायची आणि तिला ढकलायची. खराब तुकडा कापला, केसाएवढ्या तारांची मऊ वायर जोडली, सोल्डर मारलं, वर स्लीव्ह चढवली आणि वाट बदलून बोगीपासून लांब नेली. चाळीस वर्षं जळक्या मोटारीतून तार काढणाऱ्या हातांना हे दहा मिनिटांचं काम. शोधायला दोन रात्री लागल्या.

(दृश्य : अरुंद रुळावरचं वाफेचं इंजिन. भक्भक् चालू, थांबते, मग पुन्हा सुरुवातीपासून वाफ धरण्याचा आवाज.)

शकुंतलेचा आजार वेगळा होता. तिचा आवाज नुसता जात नव्हता, पहिल्यापासून सुरू होत होता. आणि दिवा लुकलुकत होता. म्हणजे डिकोडरची वीज पूर्ण तुटतेय आणि तो नव्यानं जागा होतोय. इथं स्पीकरला हात लावायचा नाही. खाली उतरायचं.

(दृश्य : जवळून. टेंडर, म्हणजे इंजिनामागचा कोळशाचा डबा, उलटं. चिमट्यानं एक्सलवरून पांढरा धागा निघतो. निघतच राहतो.)

कापूस.

सीझनमध्ये घराघरात सरकीसकट कापूस पडून असतो. त्याचे तंतू हवेत असतात, रुळावर बसतात, तेलकट एक्सलवर गुंडाळतात. चाकातून वीज घेणारी फॉस्फर ब्राँझची पातळ पट्टी त्या कापसावर अलगद उचलली गेली होती. चाकाच्या कडेवर काळा थर. कान साफ करायच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसलं; सातव्या काडीला काडी पांढरी निघाली. कापूस वाहायला आलेली गाडी कापसानंच थांबावी, हे पाहताना आम्ही कोणी बोललो नाही.

(दृश्य : सकाळ. काकाजी रुळाच्या सांध्यावर दोन रुपयांचं नाणं ठेवतात. कंट्रोलरचा लाल दिवा. पुढच्या सांध्यावर दिवा लागत नाही.)

तरीही पहाटे शकुंतला कारंजाच्या अलीकडे दोनदा अडखळली. दुपारी नाही. हा खेळ गारठ्याचा. निकेल सिल्व्हरचा एक मीटर रूळ वीस अंशांनी गार झाला, की साधारण मिलिमीटरचा तिसरा हिस्सा आखडतो. दोन रूळ जोडणारी फिशप्लेट सैल असली की तेवढ्यात पकड जाते. नाण्याची परीक्षा सोपी आहे. दोन्ही रुळांवर नाणं ठेवलं की शॉर्ट होऊन कंट्रोलरनं वीज लगेच तोडायला हवी. जिथं तोडत नाही, तिथं वीज नीट पोचतच नाही.

टेबलाखाली घरगुती वायरिंगची अडीच चौरस मिलिमीटरची वायर फिरवली आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला तिच्यातून वेगळी तार दिली. फिशप्लेटवर भरवसा ठेवायचा नाही. ती रूळ जोडायला आहे, वीज न्यायला नाही. चौदा तुकडे, अठ्ठावीस टाके. आमच्याकडे अठ्ठावीसही चित्रित आहेत, इथं तीन दाखवतोय.

(दृश्य : कापसाच्या गाठींचा डबा. वरच्या गाठी उचलल्या की खाली सहा काळ्या कुप्या.)

शेवटची तरतूद वीज साठवणाऱ्या सुपर कॅपॅसिटरची. एक २.७ व्होल्ट झेलतो, सहा ओळीनं जोडले की १६.२, रुळावरच्या १४ ला पुरून उरतात. सोबत शंभर ओहमचा रेझिस्टर आणि एक डायोड, नाहीतर सुरू करताना सगळे मिळून एकदम वीज ओढतात आणि कंट्रोलर शॉर्ट समजून बंद पडतो. इवल्या टेंडरमध्ये यांना जागा नव्हती. म्हणून मागच्या मालडब्यात गाठींखाली. सांध्यावर वीज चुकली तर तेवढा वेळ शकुंतलेला तिचा कापूस सांभाळतो.

(दृश्य : वही. काकाजींचं अक्षर. बोटानं ओळी.)

“आल्को. जांभळी वायर आतून तुटली. वाट बदलली. शकुंतला. एक्सलवर कापूस. सांधे, गारठा. तार दिली. डिकोडर दोन्ही चांगले.”

शेवटच्या ओळीखाली त्यांनी दोनदा रेघ मारलीय.

(दृश्य : संध्याकाळ. शकुंतला मूर्तिजापूर सोडते. कारंजाचा सांधा. दारव्हा. स्वयंपाकघराच्या दारात काकू, हाताला पीठ. निवेदन नाही. फक्त भक्भक्, शिट्टी, आणि लाडखेडच्या पुढे टेबल संपेपर्यंत तीच.)