विषाणूच्या हातून जागे होणारे औषध

श्रोतेहो, ओठाच्या कडेला उठणारे फोड आणि कमरेला उठणारी नागीण हे हर्पिस कुळातल्या दोन वेगवेगळ्या विषाणूंचे प्रताप आहेत, आणि दोन्हींवर वापरले जाणारे असायक्लोव्हिर हे औषध एकच आहे. त्याच्या एका विलक्षण गुणाबद्दल मला आज बोलायचे आहे: हे औषध आपण होऊन काहीच करत नाही, त्याला कामाला लावतो तो विषाणूच.

विषाणू आपल्या पेशीचीच सामग्री वापरून वाढतो, त्यामुळे त्याला मारायला जावे तर पेशीही मरते, ही सुरुवातीच्या संशोधकांची मोठी अडचण होती. 1959 मध्ये विल्यम प्रुसॉफ यांनी तयार केलेले इडॉक्सयुरिडिन डोळ्यातल्या हर्पिसवर थेंबांच्या रूपात उपयोगी पडले, पण शरीरात सर्वत्र पोहोचेल अशा रीतीने ते देणे धोक्याचे होते.

असायक्लोव्हिर अमेरिकेतल्या बरोज वेलकम कंपनीत हॉवर्ड शेफर आणि गर्ट्रूड एलियन यांच्या कामातून पुढे आले. डीएनएच्या साखळीतल्या ग्वानोसिन या दुव्याची ही नक्कल. फरक इतकाच की, तिच्यातले साखरेचे कडे अर्धवट ठेवलेले आहे. हर्पिसचा विषाणू थायमिडीन कायनेज नावाचे स्वतःचे विकर (एन्झाइम) बनवतो. ही नक्कल कामाला लागायला तिला तीन फॉस्फेट जोडले जावे लागतात: हे विकर पहिला जोडते, उरलेले दोन आपल्या पेशीची विकरे जोडतात, आणि मग विषाणूचा डीएनए रचणारे विकर खरा दुवा समजून ती साखळीत ओवते. पुढचा दुवा अडकवायला तिथे जागाच नसल्याने साखळी तिथेच खुंटते. निरोगी पेशीत पहिला फॉस्फेट जवळजवळ लागतच नाही, म्हणून ती बचावते. एलियन यांना 1988 मध्ये नोबेल मिळाले तेव्हा त्यांच्याकडे रीतसर डॉक्टरेट नव्हती, हे आपल्याकडच्या निवड समित्यांनी ऐकून ठेवावे.

औषधाची खरी कसोटी लागली ती हर्पिसमुळे मेंदूला येणाऱ्या सुजेत. उपचार न झाल्यास या आजारात सुमारे 70 टक्के रुग्ण दगावतात. 1984 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या चाचणीत व्हिडाराबिन या जुन्या औषधावर असलेल्यांपैकी 50 टक्के, तर असायक्लोव्हिरवर असलेल्यांपैकी 19 टक्के रुग्ण मृत्यू पावले.

मात्र ज्या गुणामुळे हे औषध सुरक्षित आहे, त्याच गुणात त्याची मर्यादाही आहे. पहिला संसर्ग ओसरल्यावर विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी असलेल्या गाठींत वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो. तेव्हा तो ना डीएनए रचतो ना आपले विकर बनवतो, आणि औषध शेजारून निघून जाते. म्हणूनच फोड पुन्हा उठतात. प्रतिकारशक्ती ढासळलेल्या रुग्णांत तर विषाणू कधी कधी ते विकरच टाकून देतो; अशा वेळी फॉस्कार्नेट द्यावे लागते, ज्याला विषाणूकडून चेतवून घेण्याची गरज नसते, पण जे मूत्रपिंडांना त्रासदायक ठरते.

नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस जातो, ही समजूत अजून ऐकू येते. वस्तुतः ती बहुधा एका मज्जातंतूच्या पट्ट्यात, शरीराच्या एकाच बाजूला उठते. भीती बाळगायची ती वेळ दवडण्याची, कारण पुरळ उठल्यापासून शक्यतो 72 तासांच्या आत औषध सुरू व्हावे लागते.

जपानमध्ये 2017 साली नागिणीसाठी मान्य झालेले अमेनामेव्हिर विषाणूची डीएनए उलगडणारी यंत्रणाच अडवते, त्यामुळे त्याला थायमिडीन कायनेज लागत नाही. तरी निपचित विषाणूला तेही हात लावू शकत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न सिअॅटलमधल्या संशोधकांनी जनुके कापणाऱ्या विकरांनी केला असून, 2020 मध्ये त्यांनी उंदरांच्या मज्जागाठींतला बहुतांश सुप्त विषाणू नष्ट करून दाखवला.